हसरा शॉट

"मेलेल्यांनी खाजवायचं नाही!" रेवती भोंग्यातून ओरडली. "बॉडी चौदा, तुम्हालाच सांगतेय. हात खाली घ्या."

बॉडी चौदानं निमूटपणे हात खाली घेतला. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी शिंकलं आणि सगळा खड्डा खुदुखुदु हसायला लागला.

त्या खड्ड्यात मधोमध मी पालथा पडलो होतो. शिरवळच्या अलीकडे एक बंद पडलेली दगडखाण आहे, तिच्या तळाला. माझ्या पाठीवर एक आजोबा आडवे टाकलेले होते, तोंडात कुणाचे तरी केस जात होते, आणि डाव्या बरगडीत सोजरबाई मोहित्यांचं कोपर रुतलं होतं. मे महिन्याचं ऊन. त्यात आमचं रक्त साखरेच्या पाकात रंग कालवून केलेलं, त्यामुळे मुंग्यांची चंगळ झालेली. बॉडी चौदाचं काही चुकत नव्हतं.

"दिनूमामा," सोजरबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "एकडाव हसून दावा की."

"मावशी, आपण मेलोय."

"म्हनून तर म्हनती. कुनाला कळतंय!"

सिनेमाचं नाव होतं 'मौनाची बातमी'. एका परक्या देशात एका जमातीची सरसकट कत्तल चाललेली असते आणि समर नावाचा मराठी पत्रकार तिथे जाऊन पोचतो, अशी गोष्ट. देश कुठला ते सिनेमात सांगितलेलंच नव्हतं. आमचे निर्माते बोत्रेशेठ जमिनीच्या व्यवहारातले. त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं होतं, "देशाचं नाव नको, जातीचं नको, धर्माचं तर नकोच नको. कुणाच्या भावना दुखावल्या की पिक्चर अडकलं." त्यामुळे आमच्या सिनेमात नरसंहार होता, पण तो कुणी केला, कुणाचा केला आणि कशापायी केला, याचा पत्ता नव्हता. बाकी सगळं होतं. समरचं बालपण होतं, समरचं प्रेमप्रकरण होतं, समरच्या दोन कविताही होत्या.

समर म्हणजे मी, हेमंत साबडे. पण हे नाव तुम्हाला आठवणार नाही. 'घर आहे की गोंधळ' या मालिकेतला दिनूमामा म्हटलं की आठवेल. मांडीवर थाप मारून 'खिक्‌ खिक्‌ खिक्‌' असं हसणारा. नऊ वर्षं रोज संध्याकाळी मी महाराष्ट्राला तसा हसून दाखवत होतो. दवाखान्यात, बँकेत, लग्नात, जिथे जाईन तिथे लोक म्हणायचे, "दिनूमामा, हसा ना." वडिलांच्या दहाव्याला घाटावर डोळे पुसत बसलो होतो, तर खुद्द भटजींनी आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "एकदा तेवढं होऊन जाऊ द्या?" आणि मेला मी, सवयीनं हसलो. बायकोनं त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तेव्हाच ठरवलं की आता रडायचं. एकदा पडद्यावर असं रडायचं की दिनूमामा त्यात बुडून मरावा. म्हणून मालिका सोडली, मिशी काढली, आणि अभिराम देवस्थळेच्या पायाशी जाऊन बसलो.

अभिराम म्हणजे आमचा दिग्दर्शक. वयानं माझ्याहून धाकटा, पण बोलायला लागला की समोरच्याला उगाच शाळकरी वाटायला लागायचं. तो नेहमी कुजबुजत बोलायचा. बिनदुधाचा चहा प्यायचा आणि दर वाक्यानंतर इतका वेळ थांबायचा, की वाक्य संपलं की नाही तेच कळू नये. त्यानं मला सांगितलं होतं, "सबंध चित्रपट एका क्लोजअपसाठी आहे. समर प्रेतांच्या खड्ड्यातून बाहेर येतो, आणि रडतो. बस."

तर आज तो दिवस होता. मारेकरी निघून गेल्यावर प्रेतांखाली लपलेला समर उठतो, त्यांच्यावरून चालत कडेला येतो, आणि कॅमेऱ्यात बघून रडतो. खाणीच्या मालकानं जागा तेवढ्या एका दिवसापुरती दिली होती. दुसऱ्या दिवशी खाण पुन्हा सुरू होऊन तिथे सुरुंग लागणार होते. रडायचं ते आजच.

"ॲक्शन," अभिराम कुजबुजला. रेवतीनं ते भोंग्यातून जगाला कळवलं.

मी आजोबांना बाजूला सारून उठलो. पहिलंच पाऊल सोजरबाईंच्या हातावर पडलं. त्या मेलेल्या असूनही "अगं आई गं" म्हणाल्या, आणि मी खाली वाकलो.

"कट."

अभिराम चालत आला. खांद्यावर हात ठेवला. थांबला. "हेमंत, समर खाली बघत नाही."

"पण पाय पडला त्यांच्या हातावर."

"पडू दे. ती प्रेतं आहेत. समरच्या वेदनेची ती पार्श्वभूमी आहे." पुन्हा थांबला. "समर क्षितिजाकडे बघतो."

खाणीत क्षितिज कुठून आणायचं? समोर डांबरासारखा काळा कडा होता आणि त्यावर कुणीतरी चुन्यानं 'येथे थांबू नये' असं लिहिलेलं होतं. मी त्या पाटीकडे बघत रडायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा रडू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, पण माशी नाकात गेली. मग मेकअपच्या विष्णूदादा मेस्त्रींनी डोळ्यांत ग्लिसरीन घातलं. त्यानं डोळे आल्यासारखे लाल झाले आणि पाणी नाकातून वाहायला लागलं. अभिराम मॉनिटरमध्ये बराच वेळ बघत राहिला.

"तुमच्या डोळ्यांत," तो शेवटी म्हणाला, "अजून दिनूमामा आहे."

जेवणाची सुट्टी झाली. खड्ड्यातली सगळी मंडळी, म्हणजे आसपासच्या दोनतीन वाड्यांवरची माणसं, कड्याच्या सावलीत पत्रावळी घेऊन बसली होती. अंगावर राखी रंगाचे झगे आणि तोंडाला चिखल. देश ओळखू येऊ नये म्हणून सगळ्यांना एका रंगात बुडवलेलं. सोजरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. हात सुजला होता.

"लागलं का हो?"

"त्येचं काय न्हाई. येक सांगा, आमाला मारलं कुनी?"

मी रेवतीकडे बघितलं. ती आमची सहायक दिग्दर्शिका. पहाटेपासून ओरडून तिचा आवाज बसला होता.

"ते सिनेमात नाहीये, मावशी," ती म्हणाली.

"बरं, का मारलं?"

"तेही नाहीये."

"मग आमी कोन? माजं नाव काय ह्यात?"

"तुम्ही बॉडी एकवीस. मावशी, कशाला डोक्याला ताप? तुम्ही फक्त मरा."

विष्णूदादा तिथेच कुणाच्या तरी कपाळावरची जखम नीट करत बसले होते. या धंद्यात हयात गेलेला माणूस, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. ते सोजरबाईंची समजूत घालायला गेले.

"घाबरू नको गो बाय. शेवटी हसरो शॉट घेतत."

"तो काय असतो?"

"मेलेल्याचं काम केलं, की शूटिंग संपताना त्या माणसाचं हसतानाचं चित्र घ्यायचं. शेवटचं चित्र मेलेलं राहता नये ना. जुनी रीत आहे आमची. नाहीतर…"

"नाहीतर काय?"

विष्णूदादांच्या लक्षात आलं, आपण फार बोललो. त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. पत्रावळीवरचे सगळे हात थांबले होते.

सुट्टी संपल्याची शिट्टी झाली. एकही प्रेत जागचं हललं नाही.

"आधी वचन द्या," सोजरबाई म्हणाल्या. "पर्तेकाचा हसरा शॉट. न्हाईतर आमी काय मरत न्हाई."

रेवती अभिरामकडे धावली. अभिराम आला. त्याला पहिल्यांदाच कुजबुजण्याचा विसर पडलेला मी पाहिला.

"हा चित्रपट मृत्यूविषयी आहे! एका वंशाच्या संहाराविषयी आहे! आणि तुम्हाला हसायचंय?"

"मृत्यूविषयी आसंल तुमचा," सोजरबाई म्हणाल्या. "आमाला सांच्याला घरी जाऊन भाकरी थापायच्या हायती."

त्यावर जगातल्या कुठल्याच चित्रपटमहोत्सवाकडे उत्तर नव्हतं. शेवटी बोत्रेशेठना फोन लावला. शेठनी दोन वाक्यांत निकाल दिला. "हसू द्या की लेकाच्यांना. आणि माझ्या वाटचा नारळ फोडा तिथं." अभिराम क्षितिजाकडे बघत म्हणाला, "मी तिथे असणार नाही."

प्रेतं आनंदानं मरायला गेली.

दुपारभर मी उठत राहिलो. उठायचो, चालायचो, खाली बघायचो नाही, रडायचो. म्हणजे रडायचा प्रयत्न करायचो. आईचं आजारपण आठवून बघितलं. वडिलांचा दहावा आठवून बघितला, तर भटजी डोळ्यांपुढे उभे राहिले. एका टेकला हुंदका इतका छान निघाला की मलाच बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं चेहऱ्यावर दिसलं. ऊन कड्यावर चढत गेलं आणि खड्ड्यात सावली उतरली.

"पॅकअप," अभिराम म्हणाला.

"अजून एक घेऊ," मी म्हणालो. हात जोडायचेच काय ते बाकी होते. "अभिराम, एकच."

तो थांबला. या वेळी फार वेळ थांबला. "समर पाठमोरा दाखवू," तो म्हणाला. "हुंदका डबिंगला टाकू. तुमचाच असावा असंही नाही."

आणि तो गाडीत जाऊन बसला, काच वर करून.

मी तिथेच एका दगडावर बसलो. नऊ वर्षांची चालती मालिका सोडून मी स्वतःची पाठ दाखवायला आलो होतो. उद्यापासून पुन्हा मिशी लावावी लागणार हे दिसत होतं. डोळ्यांत टिपूस नव्हतं. ग्लिसरीन तेवढं चुरचुरत होतं.

इकडे हसऱ्या शॉटची तयारी चालली होती. कॅमेरामन घाईत होता, त्याला उजेड जायच्या आत आवरायचं होतं. विष्णूदादांनी जमिनीवर चुन्याची फुली मारली आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं.

"फुलीवर उभं राहायचं, नाव सांगायचं आणि हसायचं."

"नाव कशाला?" रेवतीनं विचारलं.

"नुसतं हसलं तर कळणार कसं, कोण हसलं ते?"

"कुणाला कळायचंय?"

"ज्याला कळायचं त्याला," विष्णूदादा म्हणाले आणि त्यांनी नारळ फोडला.

"आणि हिरो, तुम्ही पण यायचं," ते मला म्हणाले. "तुम्ही पण झोपलेले ना त्यांच्यात." मला वाद घालायची ताकद नव्हती. मी रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

पहिले आजोबा आले, माझ्या पाठीवर दिवसभर आडवे असलेले. "निवृत्ती गेनू शेवते, मुक्काम मळवाडी," ते म्हणाले आणि तोंड उघडून हसले. दात एकही नव्हता. मग कवळी खिशातून काढून बसवली आणि म्हणाले, "आता परत घ्या." परत घेतलं.

मग एक मुलगी आली. तिचे केस बघून ओळखलं, दिवसभर माझ्या तोंडात जात होते ते हे. "यास्मिन दिलावर मुलाणी," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून लाजून हसली, मग हात काढून नीट हसली. मग बॉडी चौदा. तो निघाला गंगाराम शिर्के, पाट्या रंगवणारा. समोरची 'येथे थांबू नये' त्यानंच रंगवलेली. तो ती पाटी दाखवून हसला. मग आक्काताई भिलारे आणि त्यांची जाऊ, दोघी एकमेकींना चिमटे काढत. मग एकजण नाव सांगून झाल्यावर हसायचंच विसरला, त्याला रांगेतल्या बाकीच्यांनी ओरडून परत फुलीवर पाठवला. प्रत्येकाच्या तोंडाला तोच चिखल, तेच रक्त, आणि त्यातून नाव बाहेर यायचं. बापाचं नाव, गावाचं नाव. कुणी सासरचं सांगितलं, कुणी माहेरचंही सांगून घेतलं.

"सोजर किसन मोहिते," सोजरबाई म्हणाल्या. "मला दोन नातवंडं हायती." आणि सुजलेला हात कमरेवर ठेवून अशा मोकळ्या हसल्या, की कॅमेरामनही हसला.

मग माझी पाळी आली.

फुलीवर उभं राहिल्यावर मला कॅमेऱ्याच्या पाठीमागचा खड्डा दिसला. तो आता रिकामा होता. जिथे जिथे माणसं पडली होती तिथे लाल ओले ठसे राहिले होते, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मी नीट खाली बघत होतो. तो मोठा ठसा शेवत्यांचा. त्याच्याजवळचा लहान यास्मिनचा. तो, माझा पाय पडला होता तिथला, सोजरबाईंचा. मला एकाएकी कळलं की कुठल्यातरी खऱ्या खाणीत असेच एक शेवते आणि अशीच एक यास्मिन पडली असेल, त्यांनाही कुणाला भाकरी थापायच्या असतील, आणि तिथे फुली मारून नाव विचारायला कुणीही थांबलं नसेल.

"नाव," विष्णूदादा म्हणाले.

"हेमंत साबडे."

"दिनूमामा! दिनूमामा!" सगळी मंडळी ओरडायला लागली. टाळ्या सुरू झाल्या. "हसा! खिक्‌ खिक्‌ खिक्‌!"

मी मांडीवर थाप मारली. तोंड उघडलं. नऊ वर्षांत जे एकदाही दगा देऊन गेलं नव्हतं, ते आलं नाही. पुन्हा थाप मारली. ओठ ताणले, गाल वर ओढले. घशातून नुसती हवा निघाली. टाळ्या हळूहळू विरल्या.

"हसा की ओ," सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. त्या धावत आल्या आणि त्यांनी माझी हनुवटी धरली. "आसं करू नका. हसल्याबिगर जायचं न्हाई. माझ्याकडं बघा. मी हाय न्हवं जिती? ह्ये बघा, समदी जिती हायती. हसा!"

मी बघितलं. त्यांच्याकडे बघितलं आणि जितकं हसायला जावं तितका चेहरा माझ्या हातून सुटत गेला. कॅमेरामननं कॅमेरा बंद केला नाही. उजेड संपेपर्यंत तो चालू होता.

मी न हसताच घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. रेवतीकडून नंबर मिळवलेला होता.

"सोजर बोलती. जिते हायसा न्हवं?"

"आहे."

"हसलासा?"

"नाही हो."

"मग परवा करती परत," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सिनेमा आला. पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. समर खड्ड्यातून उठला, क्षितिजाकडे चालत गेला, आणि पाठमोरा दिसायच्या जागी पडद्यावर एकदम माझं तोंड आलं. हसायला बघणारं आणि हसू न शकणारं ते तोंड. हनुवटीशी सोजरबाईंची बोटं होती, ती चौकटीबाहेर कापून टाकलेली. त्यांचा आवाज काढून तिथे सारंगी घातलेली. बाकीच्यांची हसणी कुठेच नव्हती. शेवटी नावं आली, त्यात ड्रायव्हर होते, चहावाला होता, आणि सगळ्यांच्या खाली एका ओळीत 'आणि समस्त ग्रामस्थ' होतं.

अभिरामनं मुलाखतींतून सांगितलं, "तो क्षण अपघात नाही. त्या एका चेहऱ्यासाठी मी हेमंतला महिनोन्‌महिने घडवलं." मी रेवतीकडे ते हसरे शॉट मागितले. तिनं चौकशी केली. डिस्कवर जागा लागत होती म्हणून ते पुसून टाकले होते.

पुढच्या वर्षी एका वाहिनीच्या सोहळ्यात मला उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. झगमगाटात वर गेलो. ज्या शॉटसाठी जिवाचं रान केलं होतं त्याचं नाव घेऊन लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. निवेदकानं पारितोषिकाची बाहुली माझ्या हातात दिली आणि प्रेक्षकांकडे वळून डोळे मिचकावले.

"एवढं रडवलंत आम्हाला! आता दिनूमामांचं ते हसू होऊन जाऊ द्या. हो की नाही, मंडळी?"

मंडळी "हो" म्हणाली. मी माईक हातात घेतला.

"निवृत्ती गेनू शेवते, मुक्काम मळवाडी," मी म्हणालो. "यास्मिन दिलावर मुलाणी. गंगाराम शिर्के, पाट्या रंगवतात. आक्काताई भिलारे आणि त्यांची जाऊ. सोजर किसन मोहिते, त्यांना दोन नातवंडं आहेत."

आधी कुणाला काही कळेना. मग पुढच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं, आणि मग सगळं सभागृह हसत सुटलं. काही जण पोट धरून हसत होते. निवेदक डोळे पुसत म्हणाला, "काय टायमिंग आहे बघा!" अभिराम तेवढा हसत नव्हता. तो तिसऱ्या रांगेत बसून क्षितिजाकडे बघत होता.

सकाळी फोन आला. आता इतकी वर्षं झाली तरी येतो, पण त्या दिवशीचा लक्षात आहे.

"टीव्हीवर बघितलं," सोजरबाई म्हणाल्या. "समद्या वाडीनं बघितलं. नाव घेतलंसा माझं. पन नाव घेतल्यावर लोक का हसली ओ?"

"त्यांना वाटलं, मी गंमतच करतोय," मी म्हणालो.

"जाऊ द्या. हसली न्हवं? मग त्येंची काय काळजी न्हाई, जगत्याली," त्या म्हणाल्या. "तुमचंच तेवढं ऱ्हायलंय."